फायलीला विचारा, तू कोणाची

तेलगिरणीचा ट्रक कंपनीच्या आवारात शिरला तेव्हा बेबीनंदा खरात कॉम्प्युटरच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून चहा पीत होती. ट्रक दिसला अन् ती चहा विसरली. अरे, आजच? काल संध्याकाळपर्यंत तर नुसतं बोलणंच चाललं होतं!

गोष्ट दोन हजार तीन सालची, जालन्यातली. कंपनी कपाशीच्या बियाण्याची. गावोगावचे शेतकरी कंपनीसाठी बियाण्याचे प्लॉट करायचे. बाया संध्याकाळी कळ्या सोलायच्या अन् सकाळी फुलाफुलावर हातानं पराग लावायच्या. सुपरवायझर शेतात येऊन प्लॉट तपासायचा आणि कंपनीच्या तिथल्या केंद्रावर रिपोर्ट द्यायचा. रिपोर्ट चांगला, तर बी पाकिटात. रिपोर्ट वाईट किंवा रिपोर्टच नाही, तर ते बी मग बी नाहीच, नुसती सरकी. सरकी गेली तेलगिरणीत. एकदा का ती घाण्यात पडली की कोणी कितीही डोकं आपटलं तरी तिचं बी पुन्हा होत नसतं.

आणि यंदा अख्ख्या राजूर केंद्राचे रिपोर्ट कंपनीच्या कॉम्प्युटरला सापडत नव्हते. एकाही प्लॉटचा नाही! केंद्रावरचा रामकिसन शपथेवर सांगत होता की सगळं टाईप करून सीडी पाठवली, एष्टीच्या ड्रायव्हरच्या हातात स्वतः दिली. सीडी आलीही होती. पण कॉम्प्युटर म्हणत होता, राजूर म्हणून काही नाही. केंद्रावर कागद होते, तर मोठ्या साहेबांचा यंदापासून नवा हुकूम: कॉम्प्युटरवर असेल तेच खरं, कागद कोणी दाखवायचा नाही. झालं! रामकिसन खोटारडा ठरला आणि राजूरचं सगळं बी सरकी ठरलं.

राजूर म्हणजे बेबीनंदाचं गाव. गोदामातल्या त्या थप्पीत तिच्या वडलांच्या, संपतरावांच्या, प्लॉटच्या गोण्या होत्या. आई कौसल्याबाईनं हंगामभर त्या प्लॉटात कंबर मोडून फुलं हाताळली होती. संपतराव सकाळीच इतर प्लॉटवाल्यांबरोबर येऊन फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले होते. लेक आत कॉम्प्युटरवर कामाला आहे, ती काहीतरी करील, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता बापानं असं सांगून ठेवल्यावर लेकीला गप्प बसून कसं चालेल?

तिनं कप ठेवला आणि तडक अप्पारावांच्या टेबलापाशी गेली. अप्पाराव म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण रिपोर्ट शोधणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला होता, आणि त्यात खोट आहे म्हणणं म्हणजे त्यांच्या पोराला नकटं म्हणण्यासारखं होतं.

"साहेब, ट्रक आला," ती म्हणाली. "मला माझी वाट चालवून बघू द्या."

"पुन्हा तुझं तेच?" अप्पाराव हसले. "बेबीनंदा, अगं, पोरखेळ आहे तो. आपण कंपनीत बसलोय."

आता ही वाट काय भानगड, ते सांगायलाच पाहिजे. कॉम्प्युटरात प्रत्येक फायलीला पत्ता असतो. कोणत्या डब्यात कोणता डबा, त्यात कोणता डबा, आणि शेवटी फाईल. या डब्यांना फोल्डर म्हणतात. अप्पारावांच्या प्रोग्रामला हा पत्ता म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ. मधल्या तिरप्या रेघा मोजायच्या आणि तिथं कात्री लावायची. पहिला तुकडा तालुका, दुसरा गाव, तिसरा शेतकरी. केंद्रावरच्या मशिनीत रेघ एका बाजूला कलते, सर्वरवर, म्हणजे कंपनीतल्या मोठ्या मशिनीत, दुसऱ्या बाजूला, म्हणून त्यासाठी वेगळी ठिगळं. ठिगळाला ठिगळ लावून त्या प्रोग्रामची गोधडी झालेली, पण चालायचा. म्हणून कोणी हात लावत नव्हतं.

बेबीनंदाला ही कापाकापी पहिल्या दिवसापासून खटकत होती. औरंगाबादला शिकताना तिनं पायथन नावाची भाषा उचलली होती, आणि त्या भाषेत गेली दोन वर्षं ती स्वतःची एक लायब्ररी लिहीत होती. दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरावं असं तयार अवजार, त्याला लायब्ररी म्हणतात. तिनं तिचं नाव ठेवलं ‘वाट’. वाटमध्ये फायलीचा पत्ता म्हणजे मुकी माळ नव्हे, तर स्वतःची ओळख असलेली एक वस्तू. तिला विचारायचं, तुझं नाव काय? ती सांगते. तुझ्या पोटात काय काय आहे? ती काढून दाखवते. तू कोणाच्या घरची? ती आपल्या वरच्या फोल्डरचा हात धरून त्यालाच पुढं उभं करते, आणि मग त्याला विचारायचं, बाबा, तू कोणाचा? रेघ कोणीकडं कलते ते तिचं ती बघून घेते, विचारणाऱ्याला त्याची फिकीर नको.

ही युक्ती तिला कुठं सुचली? राजूरच्या पारावर. गावात नवा पोरगा दिसला की म्हातारे त्याला पत्ता विचारत नाहीत. "कोणाचा रे तू?" एवढंच विचारतात. तो म्हणतो कचरूचा. "कोणचा कचरू?" रामरावचा. बस्स, माणूस सापडला. मग कॉम्प्युटरलाच काय धाड भरलीय, असं तिला वाटलं होतं, आणि त्या दिवसापासून ती जी लिहायला बसली ती बसलीच.

"साहेब," ती आता म्हणाली, "गोण्या एकदा गेल्या की गेल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या मला. न्हाई निघालं तर पुन्हा वाटेचं नाव काढणार न्हाई."

कचेरीत ती जपून शुद्ध बोलायची, पण जीव टांगणीला लागला की राजूर तिच्या तोंडातून बाहेर पडायचं. अप्पारावांनी घड्याळ बघितलं. खाली हमाल गोदामाचं शटर वर ढकलत होते, त्याचा खडखडाट वर ऐकू आला.

"कर," ते म्हणाले. "पण ट्रकची भरणी मी थांबवणार नाही. तुझं निघालं तर उतरवू."

तिनं राजूरची सीडी सर्वरवर उतरवलेली होतीच. तिनं चार ओळी ठोकल्या. सीडीच्या माथ्यावर उभं राहा, भोकरदन तालुक्यात उतर, राजुरात उतर, शेतकरी सांग. चालवलं. वाटेनं एका क्षणात उत्तर दिलं: भोकरदन नावाचं इथं काही नाही.

"बघ," अप्पाराव मागून म्हणाले. "माझा प्रोग्राम तरी काय वेगळं सांगत होता? रामकिसननं मोकळी सीडी पाठवली. तुझ्या वाटेची लागली वाट!"

बेबीनंदाचं तोंड एवढंसं झालं. खाली पहिली गोणी ट्रकच्या फाळक्यावर आदळली. कोणाची होती देव जाणे. तिनं पुन्हा सीडीच्या माथ्यावर काय काय आहे ते विचारलं. एकच फोल्डर होतं, इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलेलं: श्री. हे तर तिनं परवाही पाहिलं होतं. अप्पारावांनीही पाहिलं होतं. कॉम्प्युटरात गणपतीचा फोटो ठेवायची सगळ्याच केंद्रांत पद्धत, वाटूरला होता, केदारखेड्याला होता. राजूरला तर असणारच, गावाची ओळखच गणपतीची. अप्पारावांनी ते फोल्डर उघडलं होतं, गणपतीचा फोटो दिसला तसे मनोभावे हात जोडले होते आणि आणखी काही न बघता बंद केलं होतं. बेबीनंदानं तर उघडलंही नव्हतं. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्याच्या देवाच्या डब्यात आपण कशाला बोटं घालायची, असा तिनं विचार केला होता.

पण सीडीवर नुसता एक फोटो, तर सीडी इतकी भरलेली का? तिनं वाटेला श्रीचं वजन विचारलं आणि आलेला आकडा बघून तिनं फोनच उचलला.

"रामकिसनभाऊ, मी बेबी बोलून राह्यले. संपतची."

"बोला ताई," तिकडून रडवेला आवाज आला. "तुमीबी मला लबाडच म्हणनार असाल तर म्हना. सकाळधरून चार जनांनी म्हणून झालं."

"तसं न्हाई हो. मला एवढंच सांगा, ते श्री काय हाये?"

"काय हाये म्हणजे?" रामकिसनला प्रश्नच कळेना. "दसऱ्याला मशिन आलं, आमी पूजा केली, नारळ फोडलं, अन् श्री केलं. कोरी वही घेतली तर आपुन काय करतो ताई? आधी वर श्री लिहितो, मंग खाली लिहायला घेतो. तसंच हितंबी. वर श्री, अन् सगळा कारभार त्याच्या खाली."

"खाली म्हणजे... आत?"

"मंग! खालीच तर आत असतंय न कॉम्प्युटरमधी. तुमीच शिकवल्तं आमाला ट्रेनिंगला."

बेबीनंदा खुर्चीतून उठलीच. अरे देवा! अख्खं भोकरदन, त्यातलं राजूर, राजुरातला एकेक प्लॉट, सगळं त्या गणपतीच्या फोटोखाली सुखरूप बसलेलं होतं. अप्पारावांच्या प्रोग्रामनं पहिला तुकडा कापला तो निघाला श्री. श्री नावाचा तालुका जालना जिल्ह्यात कुठं असतो? म्हणून त्यानं सगळंच फेकून दिलं.

"काय झालं?" अप्पारावांनी विचारलं. तिनं सांगितलं. साहेबांनी आधी डोळे मोठे केले, मग कपाळावर हात मारला. "आणि मी हात जोडून बंद केलं!"

पण बेबीनंदाचं डोकं आता त्यांच्यावर नव्हतंच, ते स्वतःवरच तापलं होतं. काय गं बये, तू तरी काय वेगळं केलंस? दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरतेस की मोजू नका, विचारा. आणि वेळ आली तेव्हा तू पण माथ्यावरून पायऱ्या मोजतच उतरलीस! पारावरचा म्हातारा कधी कोणाला तालुक्यापासून विचारत खाली येतो का? तो पोरापासून सुरू करतो. हीच तर आपली सगळी कल्पना, आणि आपणच विसरलो!

तिनं त्या चार ओळी पुसल्या. नव्या लिहिल्या, अगदी थोड्या. सीडीवर जिथं कुठं रिपोर्टाची फाईल असेल तिथून ती उचल. तिला विचार, तू कोणाची? तो शेतकरी. त्याला विचार, तू कोणत्या गावचा? ते गाव. वर आणखी श्री असो, नसो, दहा फोल्डरं असोत, त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. लिहिता लिहिता तिला इतका आनंद व्हायला लागला की बोटं अक्षरांवरून घसरत होती. ठिगळ नाही, कात्री नाही, केंद्राची रेघ नाही की सर्वरची रेघ नाही. ज्यासाठी वाट लिहिली होती ते काम आज पहिल्यांदा वाट करणार होती. खाली गोण्या आदळण्याचा आवाज आता एका लयीत यायला लागला होता.

"चालव, चालव जल्दी!" अप्पाराव स्वतःच तिच्या खुर्चीवर वाकले होते. पोरखेळ कधीच विसरले होते ते.

तिनं कळ दाबली.

पडद्यावर पहिलं नाव आलं, कडूबा. मग रामराव. मग चांगुणाबाई. मग नावं अशी धावत सुटली की वाचता येईनात. राजूर, राजूर, राजूर, पास, पास, पास! बेबीनंदा एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या अकाउंटच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"निघालं! साहेब, निघालं सगळं!"

"अगं पोरी!" अप्पारावांनी तिच्या पाठीत अशी थाप मारली की ती टेबलावर आदळता आदळता राहिली. "थांब, मी भरणी थांबवतो. तू प्रिंट काढ!" आणि एरवी जिन्यावरून कठडा धरून उतरणारा तो जाडजूड माणूस शिट्ट्या मारत खाली पळाला. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "थांबवा रे! उतरवा सगळं! राजूर पास आहे!" लिंबाखालची माणसं धोतरं, पायजमे झटकत उभी राहिली.

प्रिंटर कर्रकर्र करत कागद ओकायला लागला. बेबीनंदा त्याच्यावर वाकून उभी होती, हसत होती, डोळे पुसत होती. आता एकेक नाव नीट वाचायचं होतं तिला. कडूबा पास, रामराव पास, चांगुणाबाई पास. प्रत्येक नावाचं माणूस तिला माहीत होतं, घर माहीत होतं. मालनबाई पास, दुर्गाबाई पास.

संपत सखाराम खरात. नापास.

तिला वाटलं ओळ चुकली. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसून वाटेला विचारलं, ही फाईल उघड. उघडली. सुपरवायझरनं लिहिलं होतं: न सोललेल्या कळ्यांची बोंडं झाडावर आढळली, सांगूनही तोडलेली नाहीत. म्हणजे पराग न लावता आपल्या आपण धरलेली बोंडं. असलं बी मिसळलं की सगळा प्लॉट गेला. तारीख पाहिली तशी तिला आठवलं. त्या आठवड्यात आई तापानं फणफणली होती आणि बाबा तिला घेऊन दवाखान्यात होते. प्लॉटात तेव्हा कोणीच गेलं नव्हतं.

तुझं नाव काय? तू कोणाची? फायलीनं सरळ सांगितलं होतं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, कारण बेबीनंदानं तिला तसंच घडवलं होतं.

आणि तेवढ्यात डोक्यात एक घाणेरडा विचार आलाच. येणारच, माणूस आहे ती. कडूबाच्या प्लॉटचा चांगला रिपोर्ट उचलायचा आणि संपतच्या फोल्डरात नेऊन ठेवायचा. वाटेत ती सोय होती, एका ओळीचं काम, आणि ती ओळ तिनंच बसवलेली. फाईल बिचारी, ज्याच्या घरात ठेवली त्याचंच नाव सांगणार. अप्पाराव खाली होते. केंद्रावरचे कागद कोणी बघणार नव्हतं, मोठ्या साहेबांचा हुकूमच होता.

तिनं ती ओळ लिहिलीसुद्धा. मग तिच्याकडे बघत बसली. प्रिंटर थांबला होता. दोन वर्षं जिच्यासाठी बोलणी खाल्ली, जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या, ती वाट आज पहिल्यांदा खरं बोलली, आणि आपण पहिल्याच दिवशी तिला खोटं शिकवायचं? तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान गरम झाले. तिनं ओळ पुसली, कागद फाडून घेतला आणि खाली गेली.

आवारात नुसता गलका होता. हमाल ट्रकमधून गोण्या उतरवत होते, कडूबा मधे उभा राहून त्यांना आरोळ्या देत होता, कोणीतरी रामकिसनला फोन करायला पळालं होतं. अप्पारावांनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं नावं वाचायला सुरुवात केली. एकेका नावाला माणसं ओरडत होती. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी बेबीनंदाकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

संपतराव गर्दीतून तिच्यापाशी आले.

"आपलं आलं का गं, बेबी?"

तिनं सांगून टाकलं. "न्हाई, बाबा. नापास हाये. आई आजारी व्हती न तवाची बोंडं ऱ्हायलीत झाडावर."

संपतरावांनी पटका काढला, डोकं पुसलं, पुन्हा बांधला.

"खरंय," ते म्हणाले. "सुपरवायझर साहेब सांगून गेल्ता तोडायचं. मलाच न्हाई झालं." मग त्यांनी विचारलं, "अन् बाकीच्या समद्यांचं आलं?"

"आलं. एकूणएक."

"तुझ्याच त्या वाटंनं काढलं?"

"हो."

"अन् तिनंच मला नापास केलं?"

बेबीनंदानं नुसती मान हलवली. संपतरावांच्या मिशीखाली हसू फुटलं. आधी थोडं, मग चांगलं खदखदून. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"लेकाच्याहो, ऐका!" ते सगळ्यांना ओरडून म्हणाले. "ह्या पोरीच्या मशिनीनं सख्ख्या बापाला सोडलं न्हाई! मंग तुमचं जे पास केलंय ते बिलकुल पक्कं समजा!"

कडूबानं आरोळी दिली, माणसं हसली, अप्पाराव तर टाळ्याच वाजवायला लागले. बेबीनंदा एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. संपतराव मात्र ट्रकपाशी गेले. हमाल ट्रकात राहिलेल्या त्यांच्या गोण्या उतरवायला निघाले होते, त्यांना त्यांनी थांबवलं. आधीच जमिनीवर उतरवून ठेवलेली आपल्या नावाची एक गोणी त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली आणि परत ट्रकात चढवली.